जमिनीवरचं अर्धवर्तुळ

८ जून

बादली. परत बादली! न्हाणीघराच्या दारात मीच ठेवलेली आणि मीच अडखळून पडले. गुडघा चांगलाच फुटला. हे धावत आले, म्हणाले, "अगं, बघून चालत जा ना जरा." बघूनच चालत होते. समोर बघत होते. बादली समोर नव्हती, बाजूला होती.

शाळा पुढच्या सोमवारपासून.

१५ जून

सहावीचा पहिला तास. बिंदू, रेषा, किरण. दरवर्षी तेच वाक्य — बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, नुसती जागा आहे. लगेच एक शहाणा उठला, "मग बाई, फळ्यावर दिसतो तो काय?" म्हटलं, तो डाग. वर्ग खिदळला. टिंबही हसली. टिंब म्हणजे आमचं कन्यारत्न. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून यांनी ठेवलेलं नाव, तेच चिकटलं. यंदा माझ्याच वर्गात आलीय. शाळेत 'बाई' म्हणायचं, 'आई' म्हटलंस तर कान उपटीन, अशी तंबी दिलीय. पोरगी अक्षरशः पाळते.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. तास संपताना उजव्या कोपऱ्यातली एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, मी कधीची हात वर करून उभी आहे." उभी! हात वर करून! आणि मला दिसली नाही.

२७ जून

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तीन तास गेले. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. कडेनं बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं यंत्र बिघडलंय — दिवे लागतच नाहीत.

यंत्र ठीक होतं.

डॉक्टर तरुण आहे, बोलायला मऊ. म्हणाला, डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेनं निकामी होत जातो. हळूहळू. औषध नाही. "चांगल्या डोळ्यांना साधारण एकशेऐंशी अंश दिसतं, बाई. तुमचं शंभराच्या आसपास आलंय." मला अंश शिकवतोय! सरळकोन गेला, विशालकोन उरलाय. मग काटकोन, मग लघुकोन. हा धडा मला तोंडपाठ आहे.

घरात कुणाला होतं का, असं त्यानं विचारलं. नाही म्हणून टाकलं. जिना उतरताना बाबा आठवले. दिवेलागणीनंतर ते घराबाहेर पाऊल टाकत नसत. आई त्यांना घरकोंबडा म्हणायची, आम्ही पोरं हसायचो. शेवटी बाजूनं आलेल्या ट्रकखाली गेले. तंद्रीत असतील, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

निघताना डॉक्टर म्हणाला, "मुलीला घेऊन या. हे रक्तातून उतरतं. लवकर कळलं तर तिला पुढचं सगळं बेतता येईल."

बारा वर्षांच्या पोरीनं काय बेतायचं?

२८ जून

यांना सांगितलं. माझं सांगितलं. टिंबचं नाही.

५ जुलै, रविवार

बापलेक बाजारात गेले. दार लावून घेतलं. डॉक्टरच्या यंत्रावर माझा विश्वास नाही, मी माझं मोजणार.

जमिनीवर पालथी पडले. हनुवटीखाली खडूची खूण — तो केंद्रबिंदू. समोर भिंतीच्या तळाशी एक ठिपका काढला, नजर त्यावर. दोन्ही मुठींत खडू. हात आडवे पसरून मागून पुढे आणायचे, जमिनीला घासत, अगदी सावकाश. अंगठा दिसला की थांबायचं. चव्वेचाळीस वर्षांची बाई भुईवर पालीसारखी चिकटलेली! कुणी पाहिलं असतं तर डोळ्यांचं सोडून डोक्याचं औषध दिलं असतं.

दोन्ही खुणांपासून केंद्रापर्यंत रेषा मारल्या. फळ्याचा लाकडी कोनमापक आणला होताच. १०४.

पुसून टाकलं. दोनदा पुसलं.

१९ जुलै, रविवार

१०९! वाढला!

संध्याकाळ. वाढला कसला डोंबल. नजर ठिपक्यावरून हलली होती, मला ठाऊक आहे. आपणच पेपर काढायचा, आपणच तपासायचा, मग काय होणार.

३ ऑगस्ट

कोनाचा धडा. फळ्यावर दोन कोन काढले, दोन्ही चाळीस अंशांचे. एकाच्या बाजू वीतभर, दुसऱ्याच्या हातभर. विचारलं, मोठा कोणता? अख्खा वर्ग एका सुरात — "लांब बाजूंचा!" दरवर्षी. वीस वर्षांत एक वर्ष चुकलेलं नाही. म्हटलं, अरे गाढवांनो, बाजू लांब केल्या म्हणून कोन वाढत नाही, आखूड केल्या म्हणून घटत नाही. तोंड किती उघडलंय ते बघा! वह्यांमध्येही तेच. लाल शाईनं खोडून खोडून मनगट दुखलं.

टिंबही चुकली. घरी चार शब्द ऐकवले. वर संध्याकाळी यांचा चहा सांडला तिनं. कप तिच्या कोपराशीच होता. "डोळे काय खुंटीला टांगलेत?" म्हणून ओरडले. ओरडून झाल्यावर आत जाऊन बसले.

१४ ऑगस्ट

टिंब न विचारता शेवटच्या बाकावर जाऊन बसली. पहिल्या बाकावरची पोरगी! का, म्हटलं. "तिथून फळा पूर्ण दिसतो, बाई." काहीतरी बोलू नकोस, पुढे ये, म्हटलं. आली. मान खाली घालून.

मी स्वतः फळ्यावर आकृती काढली की चार पावलं मागे जाऊन बघते. का जाते, ते इथे लिहीत नाही.

१६ ऑगस्ट

हे जेवता जेवता म्हणाले, "तिला एकदा दाखवून आणू या." म्हणजे डॉक्टरनं यांना फोन केला असणार. मी ताटावरून उठले. मागून म्हणाले, "अगं, न मोजल्यानं कमी होतं का काही?" गणित मी शिकवते आणि बरोबर हे बोलतात. राग आला. अजून आहे.

२० सप्टेंबर

शुक्रवारी व्हरांड्यात एका मुलावर आदळले. वह्यांचा गठ्ठा खाली. मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं. दारं लावून विचारलं, "बरं नाहीये का तुम्हाला? हल्ली समोरचं माणूसही ओळखत नाही, अशी तक्रार आहे." समोरचं ओळखते हो! पण म्हटलं, चक्कर येते, रक्त कमी आहे. त्यांनी खजूर खायला सांगितला.

नोकरी गेली तर काय, याची भीती वाटते. पण खरी भीती ती नाही. खरी भीती रोज माझ्यासमोर वेणी घालायला बसते.

११ ऑक्टोबर, रविवार

९८. नजर हलू दिली नाही.

आणि आज फजिती झाली. टिंब बाजारातून एकटीच लवकर परतली. जमीन पुसून झाली होती, पण हनुवटी पुसायची राहिली! "आई, हनुवटीला खडू कसा?" शाळेचा प्रयोग, म्हटलं. "कसला?" आणि मूर्खासारखी बोलून गेले — माणसाला किती अंश दिसतं त्याचा. कसा करायचा ते विचारलं तिनं. सांगितलं. शिकवायची खोड, जाणार कुठे! हात कसे आणायचे ते करून दाखवलं.

"किती यायला हवं?"

"एकशेऐंशी."

"तुझा किती आला?"

"एकशेऐंशी."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग वेणीशी चाळा करत आत गेली.

१ नोव्हेंबर

उद्या डॉक्टरकडे जायचं यांनी ठरवलंय. तिघांनी.

२ नोव्हेंबर

गेलो नाही. टिंबला सर्दी झालीय, असं कळवलं. सर्दी नव्हती. टिंब विचारत होती, "मला कशाला डॉक्टर?" सहज, म्हटलं. दात बघायला.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे दात! एवढं धड खोटंही जमेना.

१५ नोव्हेंबर, रविवार

पेपर तपासायला शाळेत गेले होते. परत आले तर खोलीत जमिनीवर खडूचं अर्धवर्तुळ. ओल्या फडक्यानं अर्धवट पुसलेलं, कडेचं तसंच राहिलेलं. वाटलं, माझंच. पण मी असं ठेवत नाही. दोरी लावली. केंद्रबिंदूपासून माझी खूण सहासष्ट सेंटिमीटरवर येते. ही एक्कावन्नवर.

गुडघे टेकून कोनमापक ठेवला. एकदा, मग परत एकदा. ८८.

मनात पहिलं काय आलं? तिचे हात लहान आहेत ना, म्हणून लहान आला असेल. खरंच असं आलं माझ्या मनात! वीस वर्षं जी चूक लाल शाईनं खोडली, तीच. आणि मी ती धरून बसले, किती वेळ कुणास ठाऊक.

मान वळवली तेव्हा दिसली. दारात उभी होती, हातात ओलं फडकं. कधीची उभी होती, विचारलं नाही. घरात ती मला कधीच तसं म्हणत नाही, आज म्हणाली —

"माझा कोनमापक छोटा आहे. नीट लावता येईना. किती आला, बाई?"