उदाचा धूर आणि माशांचा कोळसा

खैरून,

पहिल्या पाळीला चाललोय. तुझा आत्ता कुठं डोळा लागलाय, म्हणून उठवलं न्हाय.

निसारच्या माशांचं पाणी परत पिवळं पडलंय. दर जुमेरातीला त्याच्या नावानं फातिहा देताना तू ऊद काचेच्या पेटीला खेटूनच ठेवतीस. हवेचा पंप तो सगळा धूर ओढून पाण्यात सोडतोय. पोरगं होतं तवा मला त्या खोलीत साधी बिडी ओढू देत नव्हतं, ते ह्याच्यासाठीच की.

फिल्टरमधला जुना कोळसा काढून नवा घातलाय, काळं पाणी जाईपर्यंत धुऊन. हळूहळू निवळंल. बरणीतला उरलेला कोळसा शेगडीत घालू नकोस. तो पाणी गाळायचा खास कोळसा हाय आणि आता तेवढाच शिल्लक हाय. पाणी बदलायचं म्हटलं तर ह्या माशांना खारंच लागतंय, आणि निसारसारखं रत्नागिरीवरनं समुद्राचं पाणी भरून आणणारं तरी आता कोण हाय? माझ्यानं न्हाय व्हायचं.

ऊद बंद कर म्हणत न्हाय. बाहेर सोप्यात लाव. त्याला तिथनं बी पोचंल. पण हे मासे मेले, तर त्या खोलीत जायला आपल्याला निमित्तच उरायचं न्हाय.

निसारचा अब्बा