समोरच्याची बाजू

५ ऑगस्ट, सोमवार

दार माझ्याच तोंडावर लागलं!

अकरा वर्षं या कॉलेजात शिपाई आहे. चौदा नंबरच्या खोलीचं कुलूप मीच काढते, मीच लावते. उशिरा आलेल्या किती पोरापोरींना त्या दारातून परत पाठवलंय! आज विद्यार्थिनी म्हणून माझाच पहिला तास, आणि नेमके मोठ्या साहेबांकडे पाहुणे. चहा देऊन धावत गेले तर आतून कडी. काचेतून लेखन शिकवणाऱ्या मॅडमनी मला पाहिलं. मान हलवली — नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्याच दिवशी खाडा. बाहेरच्या बाकावर बसून राहिले, निळा कोट अंगात तसाच.

७ ऑगस्ट, बुधवार

वीस मिनिटं आधी जाऊन बसले. काय हसले सगळे! हसोत.

मॅडमनी नियमांचा कागद वाटला. दहा मिनिटांनंतर दार बंद. तीन खाडे चालतील, चौथ्याला नाव कमी. फोन पिशवीत. प्रत्येक लेख दोनदा लिहायचा — आधी कच्चा, मग पक्का. कोणाची मदत घेतली तर खाली तसं लिहायचं. दुसऱ्याने लिहिलेलं आपलं म्हणून दिलं तर शून्य. आणि कोणाच्या लिहिण्याला हसायचं नाही! हे वाचून जिवात जीव आला.

मागून कोणीतरी म्हणालं, "मावशी, पंखा जरा वाढवा ना." सवयीने उठले. मॅडम म्हणाल्या, "बसा. या दीड तासात इथे कोणी मावशी नाही. ज्याला गरम होतंय त्याने उठावं."

कान तापले माझे. बरं वाटलं की राग आला, तेव्हा कळलं नाही. आता लिहिताना कळतंय — बरंच वाटलं.

१४ ऑगस्ट, बुधवार

पहिला मोठा लेख. आपलं खरं झालेलं एक भांडण घ्यायचं. आपली बाजू मांडायची, आणि समोरच्याचीही. "अशी मांडा की तो वाचून म्हणेल, हो, हेच म्हणत होतो मी," मॅडम म्हणाल्या.

माझ्याकडे भांडण एकच. धाकट्या बहिणीशी. पाच वर्षं झाली बोलणं तुटून. आई आठ महिने अंथरुणाला खिळली होती. कूस बदलणं, भरवणं, चादरी — सगळं मी. धाकटी एकदाही आली नाही. शेवटी आई गेल्यावर आली, दोन दिवस. तेव्हा दारात उभी राहून तिला म्हणाले होते — "पाहुण्यासारखी आलीस, पाहुण्यासारखीच जा." गेली.

हे लिहायचं? पोरांपुढे?

१९ ऑगस्ट, सोमवार

लिहिलं. चार पानं. वाचून पाहिलं. नुसता चादरींचा हिशेब!

मॅडमनी जोड्या लावल्यात, एकमेकांचं वाचायला. माझ्या जोडीला एक मुलगी आहे. चष्मा सारखा नाकावरून घसरतो, म्हणून मी मनात तिला चष्माच म्हणते. फार गोड पोर. म्हणाली, "द्या, मी जरा नीट करते."

दिलं. सुटले!

२१ ऑगस्ट, बुधवार

चष्माने छापूनच आणलं. काय सुरेख! ‘मानवी नातेसंबंधांची गुंतागुंत’ अशी सुरुवात. खाली सही केली आणि दिलं. मदतीचं लिहायला हवं हे डोक्यात आलं होतं. आलं होतं! लिहिलं नाही.

२६ ऑगस्ट, सोमवार

शून्य.

मॅडमनी तासानंतर थांबवलं. कागद पुढे ठेवला. "इथे गुंतागुंत म्हणजे तुम्हाला काय म्हणायचंय?"

काय सांगणार कपाळ! मला लोकरीचा गुंता ठाऊक.

"हे कोणी लिहिलं?"

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. म्हटलं, पोरीची चूक नाही, मला मेलीलाच लाज वाटली माझ्या लिहिण्याची. तिला काही करू नका. शून्य द्यायचं तर मला द्या.

"तुम्हाला देतेच आहे," मॅडम म्हणाल्या. रडू आवरेना. म्हटलं, मॅडम, ऑफिसात कारकुनाची जागा निघाली की पदवी विचारतात. या विषयात गेले तर वर्ष गेलं. घरी ह्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, बायको कॉलेजात जाते म्हणून. अकरा वर्षं तुमचा फळा पुसलाय मी.

मॅडमनी कागद दुमडला. मग म्हणाल्या, "म्हणूनच. मी आज दया केली ना, तर तुम्ही पुन्हा मावशी व्हाल. नियम सगळ्यांना एकच. दहा दिवसांत पुन्हा लिहून आणा, अर्धे गुण मिळतील. पण तुमचं आणा. चादरींसकट."

चादरींचं कसं कळलं? मग कळलं — चष्मा माझ्याआधीच जाऊन कच्ची पानं देऊन आली होती. सगळं कबूल करून. तिला ताकीद मिळालीय.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. घाबरत घाबरतच. हे म्हणाले, "शून्य तर शून्य. मला शाळेत त्याच्याही खाली द्यायची सोय असती तर तेच मिळालं असतं." हसता हसता पुन्हा रडले.

२८ ऑगस्ट, बुधवार

चष्मा आज लांब बसली होती. मीच जाऊन शेजारी बसले. "रागावलात?" म्हणाली. म्हटलं, अगं, तुझ्यावर रागवायला मी काय वेडी आहे?

आता ती पेनाला हात लावत नाही. फक्त विचारते. "मग? मग तुम्ही काय म्हणालात? तेव्हा खोलीत कोण होतं?" पोलिसासारखी! पण प्रश्नाला उत्तर देता देता वाक्य सापडतं. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

२ सप्टेंबर, सोमवार

नवं लिहिलेलं कच्चं मॅडमना दाखवलं. तुमची बाजू उत्तम आहे, म्हणाल्या. मी हवेत! मग बोट ठेवलं — "बहिणीची बाजू एवढीच? ‘तिला यायचं नव्हतं.’ हे तिचं म्हणणं की तुमचं?"

राग आला. तिची बाजू असती तर भांडण कशाला झालं असतं?

३ सप्टेंबर

झाडताना, टेबलं पुसताना एकच विचार. धाकटी लहानपणीही रक्त पाहिलं की पळायची. मांजर मेलं तर चार दिवस जेवली नव्हती. घाबरली असेल. आणि घाबरले हे ताईला सांगायची सोय कुठे होती? ताई म्हणजे सारखी कंबर कसलेली. मीही कधी विचारलं नाही, का येत नाहीस? फक्त सगळ्यांना सांगत फिरले, येत नाही.

लिहिलं. दोन पानं तिची. लिहिताना ती समोर बसल्यासारखी वाटली.

४ सप्टेंबर, बुधवार

दिलं. खाली लिहिलं — ‘मदत : शेजारच्या बाकावरच्या मुलीने प्रश्न विचारले. उत्तरं माझी.’

९ सप्टेंबर, सोमवार

वर्गात वाचायला लावलं. ‘पाहुण्यासारखीच जा’ हे दोनदा वाचावं लागलं. कोणी हसलं नाही. नियम होता म्हणून नव्हे — ते कळतं. मागच्या बाकावरचा एक उंच पोरगा उठला, न सांगता पंखा कमी केला. माझी पानं उडत होती.

वीसपैकी नऊ. म्हणजे पुऱ्या गुणांनी अठरा! मॅडमनी खाली फक्त लिहिलंय, ‘आता तुम्ही दिसता.’

देवा, काय देऊ या बाईला? त्या दिवशी दार उघडलं असतं, शून्याचे पाच केले असते, तर मी दुवाच दिला असता. आणि हे कधीच लिहिलं नसतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सगळ्या पानांचे फोटो काढून धाकटीला पाठवले. नंबर तोच आहे की नाही, ठाऊक नाही. सोबत काही लिहिलं नाही. लिहायचं ते लिहून झालंय.

१५ सप्टेंबर, रविवार

धाकटीचा फोन. "ताई" म्हणाली. मग — "छान लिहिलंयस गं. पण मी घाबरले नव्हते. आईनेच येऊ नको म्हणून शपथ घातली होती. तुला सांगायचं नाही, हीसुद्धा. म्हणाली, एका लेकीच्या डोळ्यांत तरी मला चालतीबोलती राहू दे. मी विचारलं, आणि ताईचं काय? तर म्हणाली, तिच्यापुढे मला लाज वाटत नाही."