भिंतीला दोन्ही हात

९ मार्च
पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी आज सगळ्या आयांना तलावाच्या फाटकाबाहेर काढलं! म्हणाल्या, तुम्ही दिसलात की पोरं आधी तुमच्याकडे बघतात, मग पाण्याकडे. आया कुरकुरत गेल्या. मला राहू दिलं – आजी मध्ये बोलत नाहीत म्हणे. मी आपली पुस्तक घेऊन खालच्या पायरीवर, जिथे पोरं भिंतीला हात लावून वळतात तिथे. गेल्या वर्षापर्यंत हे शेजारी असायचे. अजून सरकून त्यांची जागा ठेवते.

बाई नातीला बेडकी म्हणतात. बेडकासारखे पाय मारत पोहायचा प्रकार तिचा. घरी कुणी म्हटलं तर फुगते. तलावावर मात्र हाक आली की टोपी चढवून पहिली हजर.

१२ मार्च
रोज शाळेतून बेडकी माझ्याकडे येते, मग मी तिला पोहायला नेते. पिशवी माझ्या खांद्यावर. आज बाईंनी ती दारातच काढून तिच्या खांद्यावर अडकवली. "पोहणार कोण, तू की आजी?"

संध्याकाळी लेक न्यायला आली. तिला सांगितलं तर तिचं तोंड एवढंसं झालं. बाबा गेल्यापासून पोर किती हळवी झालीय, तुला दिसत नाही का आई?

दिसतं. गृहपाठ राहिला – आजोबा गेले. मैत्रिणीला ढकललं – आजोबा गेले. ह्यांचं जाणं असं किरकोळ कामांना वापरलं जाईल असं वाटलं नव्हतं. माझ्याजवळ त्यांचं तेवढंच उरलंय, तेही झिजवताहेत.

१७ मार्च
वाचनालयातून पोहण्याचं पुस्तक आणलं. शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन माझं मीच शिकले, त्यामुळे काहीही वाचते. बेडकीला मोठ्याने वाचून दाखवलं – तुझ्या प्रकारात वळताना दोन्ही हात एकदम भिंतीला लागले पाहिजेत, नाहीतर बाद. ती हसून लोळली. "आजी, तू पाण्यात कधी उतरणार ते सांग!"

२३ मार्च
आज स्पर्धा. बेडकी पहिली आली.

वळताना तिचा एकच हात लागला. डावा. उजवा आधीच फिरला होता. माझ्यापासून चार पावलांवर. पंच नेमके शेजारच्या मुलीकडे बघत होते.

बाईंनीही पाहिलं. ओरडल्या नाहीत. पदक मिळून झाल्यावर तिला बाजूला घेतलं, टॉवेल दिला, समोर गुडघ्यांवर बसल्या.

"किती हात लागले?"

"दोन."

"परत विचारते."

मग रडू फुटलं. बाई म्हणाल्या, "मी पंचांकडे जाणार नाही. चूक तुझी आहे, सांगायचंही तूच. तोवर माझ्या तलावात उतरायचं नाही."

तेवढ्यात लेक फोटो काढायला धावत आली. पोर पदक गळ्यात घालून हमसून हमसून रडतेय. काय झालं, तिने बाईंना विचारलं. तिलाच विचारा, बाई म्हणाल्या.

"आजोबांची आठवण आली, तर बाई रागावल्या," बेडकी म्हणाली.

मी पायरीवरच बसून राहिले.

२४ मार्च
बेडकी नीट जेवली नाही. मी काही विचारलं नाही.

२८ मार्च
लेकीने तलावाच्या समितीकडे तक्रार केली. मुलीला बेडकी म्हणतात. ओझं उचलायला लावतात. दुःखात असलेल्या लेकराला रडवतात. बाकीच्या आयांनी आनंदाने सह्या केल्या.

समितीने मलाही बोलावलंय, मी रोज तिथे असते ना. लेक भांडी विसळता विसळता माझ्याकडे न बघता म्हणाली, तू बाईंची बाजू घेतलीस तर पोरीला मी तुझ्याकडे कोणत्या तोंडाने पाठवू?

ती वाईट नाही. वडील गेले तेव्हा तिला रडायला वेळ मिळाला नाही, माझंच करत राहिली. आता लेकीचं रडू दिसलं की हिचा जीव जातो.

पण दुपारी ही पोर आली नाही तर ह्या घरात कोण बोलणार?

२ एप्रिल
तलावाच्या ऑफिसात बैठक झाली. समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, बोलायला गोड. त्यांनी बाईंना विचारलं, त्या दिवशी मुलीने असं केलं तरी काय होतं? "ते ती सांगेल." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. एक वाक्य बोलल्या असत्या तर वाचल्या असत्या.

मग मला. मी म्हटलं, बाईंनी कुणावर कधी हात उगारला नाही. आणि त्या दिवशी? डॉक्टरांनी विचारलं.

"मला आता नीट दिसत नाही," म्हटलं.

बाईंना काढलं. उद्यापासून येऊ नका.

बाईंचाच तर नियम – जिची चूक तिनेच सांगायची. मी मध्ये बोलले असते तर तो मोडला असता. येताना वाटभर मनाला हेच बजावत होते.

निघताना बाईंनी माझ्यासाठी दार धरलं. "आजी, पायरी आहे. जपून."

९ एप्रिल
नवीन सर आले. तरुण आहेत, हसरे. पाण्यात पाय बुडवला तरी शाब्बास! आया पायऱ्यांवर परतल्या, त्यांचे डबे, त्यांचे टॉवेल. बेडकी काठावर बसून राहते. कितीही समजावलं तरी उतरत नाही.

लेक म्हणते, बघ, त्या बाईने किती भीती घातलीय.

बाई गाव सोडून भावाकडे गेल्या असं कळलं.

१६ एप्रिल
बेडकी आज एकटी आली. पिशवी स्वतःच्या खांद्यावर. शाळेतून परस्पर दातांच्या डॉक्टरांकडे गेली होती. पदक देऊन, सगळं सांगून आली. ते म्हणाले, बाळा, आता काय उपयोग?

मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. ती मागे सरकली.

"आजी, तू तिथेच बसली होतीस ना? वळतात तिथे?"

"हो."

"मी आईला घाबरले. तू कुणाला?"

मीही तिलाच – एवढं ओठांवर येईपर्यंत पोर जिना उतरून गेलीसुद्धा.