मिनाबाईंचा हातांचा शब्दकोश

तीर्थस्वरूप दादांना कळमनुरीहून धाकट्या देविदासचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचं पित्त आणि तुमची लेक आरोही, तिन्ही जागच्या जागी असावीत. मी मजेत आहे (लग्नाची तिथी नसली की शूटिंगवाला मजेतच असतो).

अशा रिकाम्या दिवसांत हिंगोलीच्या कर्णबधिर शाळेतल्या मिनाबाईंनी मला बोलावलं. त्यांना स्वतःला ऐकू येत नाही. त्या खुणांच्या भाषेचा व्हिडिओ शब्दकोश करून राहिल्यात. बावीस वर्षं लग्नं शूट केली, म्हटलं, यात काय अवघड? पहिल्या दिवशी नुसते हात जवळून टिपले. बाईंनी मोबाइलवर लिहून दाखवलं, की भुवया दिसल्या नाहीत तर ‘पाणी पाहिजे का?’ हा प्रश्नच राहत नाही. दुसऱ्या दिवशी हौसेनं ‘जुलाब’ या शब्दावर गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या अन् मागं सनई लावली. (पाकळ्या पाहून बाई एवढ्या हसल्या, की सनईचं मी सांगितलंच नाही.)

तिसऱ्या दिवशी सगळे शब्द अ, आ, इ असे ओळीनं लावून दिले. बाईंनी एक खूण केली आणि लिहिलं, ‘आता ही शोधा.’ अर्धा तास शोधलं. शब्दच ठाऊक नाही, तर अक्षर कुठून आणू? त्यांनी पुढं लिहिलं, ‘आमची लेकरं पहिल्या दिवशी अशीच उभी असतात.’ मग सगळं मोडून पुन्हा लावलं: आधी हाताचा आकार निवडायचा, मूठ, पंजा की एक बोट, मग तो कुठं टेकतो ते. खूण सापडते, खाली शब्द दिसतो. औंढ्याहून खुणा दाखवायला आलेल्या मंजुळाबाईंची हळदीची खूण शाळेतल्यापेक्षा निराळी निघाली, तर दोन्ही ठेवल्या. काल सात वर्षांच्या एका पोरीनं पंजा निवडला, गाल निवडला आणि ‘हळद’ हा शब्द स्वतः शोधून पाटीवर लिहिला. सगळे टाळ्यांसाठी हात वर करून हलवत होते. मी मात्र कॅमेरा चालू करायलाच विसरलो.

तुमचा,
देविदास

ता. क. : आरोहीला ऐकू येत नाही, पण हातवारे शिकली तर ती बोलायचं शिकणार नाही, असं तुम्ही म्हणता. मिनाबाईंचं म्हणणं, एक भाषा पक्की झाली की दुसरी सोपी जाते. सुटीत तिला माझ्याकडं धाडा. पत्र त्यासाठीच लिहिलं.

आणखी एक : वहिनींनी तिचा व्हिडिओ पाठवला होता (त्यांच्यावर रागावू नका). तुम्ही दारात आलात, की ती कपाळाशी बोटं नेऊन हात हलवते. ‘काहून सारखी माशा हाकते ही?’ असं तुम्ही त्यात म्हणता. मिनाबाईंनी तो तीनदा पाहिला. दादा, ती माशा हाकत नाही. तुम्हाला हाक मारून राहिलीय.