दोन त्याच्या, दोन माझ्या

डॉक्टर, तुम्हाला साहेब म्हणणार नाही. जिवंत होतात तेव्हा म्हणायचो, कारण रांगेतले सगळे म्हणायचे आणि न म्हणणाऱ्याला तुम्ही शेवटी बसवाल अशी भीती वाटायची. आता तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली. आता कसली रांग.

मी सातवी नापास आहे, तुम्हाला ठाऊक आहे. एकदा तुम्ही मला औषधाच्या पाकिटावरचं वाचायला सांगितलं होतं आणि मी अडखळलो तेव्हा सगळ्या दवाखान्यासमोर म्हणाला होतात, "बाप धागा जोडू जोडू मरी राहिना आणि पोऱ्याले अक्षर जोडता येत नई." लोक हसले. माझा बापही हसला, ते मला जास्त लागलं. तेव्हापासून तुम्ही माझ्या मनातून उतरलात. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे जे लिहीन ते कुठून निघालं ते कळेल.

डिंडोलीतला तुमचा तो गाळा. एक टेबल, एक बाकडं, पडद्यामागे खाट, आणि केसपेपर काढणाऱ्या बाई. समोरच्या रस्त्यापलीकडे दुसरा डॉक्टर होता, त्याच्याकडे सकाळपासून सलाईनच्या बाटल्या लटकलेल्या. लूमवरचा माणूस बारा तास उभा राहून येतो, त्याला बाटली लावली की वाटतं आपल्यात काहीतरी भरलं. तुम्ही लावायचा नाहीत. कोणी मागितली की म्हणायचात, "गुजरातेत बाटली मागतोस? पोलिसाला बोलावू?" आणि मग, "मीठ आणि पाणी असतं त्यात. खोलीवर जा, तांब्यात कालव आणि पी." तो माणूस तुमच्यासमोर मान हलवायचा आणि बाहेर पडून सरळ रस्ता ओलांडायचा. तुम्हाला ते दिसायचं. तुम्ही पुढच्याला आत घ्यायचात.

तुमची सगळी कहाणी आम्हाला पाठ होती, कारण तुम्ही नाडी बघताना बडबडायचात. तुमचा बापही लूमवर होता. तुम्ही धुळ्याकडे डॉक्टरकी शिकलात, परत आलात, तापीपलीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सात वर्षं ड्युटी केलीत. तिथं तुमचं काम एवढंच की दारात उभं राहून नातेवाइकांना सांगायचं, प्रयत्न चालू आहेत. एकदा माणूस सकाळीच गेलेला होता आणि तुम्हाला दुपारपर्यंत तेच सांगत उभं केलं. त्याची बायको दर थोड्या वेळाने येऊन विचारायची, तुम्ही तेच सांगायचात. संध्याकाळी तुम्ही नोकरी सोडलीत. एका म्हाताऱ्याने ते ऐकून हात जोडले, "देव माणूस आहात. आमच्यासाठी इथं आलात." तुम्ही म्हणालात, "तुमच्यासाठी नाही आलो. तिकडे दवाखाना टाकला असता तर माझ्याकडे कुत्रं आलं नसतं. इथं निदान तुम्ही येता. आणि इथं मला खोटं बोलावं लागत नाही, बस." म्हातारा तसाच हात जोडून उभा राहिला, सोडावेत की नाही त्याला कळेना.

खोटं बोलावं लागत नाही. हे वाक्य मी इतकी वर्षं तुमच्या तोंडावर मारायला जपून ठेवलं होतं.

माझ्या बापाला टीबी झाला तेव्हा मी अठराचा होतो. आमची खोली चौदा जणांची. एकच खाट दोघांची, तो रात्रपाळीहून आला की मी उठायचो, माझ्या घामाच्या जागेवर तो आडवा व्हायचा. चादर एक, उशी एक. तुम्ही इतर वेळी भर दवाखान्यात माणसाची इज्जत काढायचात, कोण तंबाखू खातो, कोण आठवडाभर आंघोळ करत नाही, सगळं मोठ्याने. पण त्या दिवशी तुम्ही बाईंना बाहेर काढलं, रांगेला पायरीखाली उतरवलं, आणि आम्हा दोघांना हळू आवाजात सांगितलं. सरकारी केंद्रात पाठवलं. सहा महिने, एकही दिवस चुकवायचा नाही. शेठला कळलं तर लूम जाईल, खोलीत कळलं तर खाट जाईल, हेही तुम्हीच म्हणालात. "माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. तुमच्या तोंडाचं तुम्ही बघा."

बाप गोळ्या घ्यायचा. रोजच्या चार, विटेच्या रंगाच्या. तरी सहाव्या महिन्यात थुंकी खराबच आली. मग मोठी औषधं सुरू झाली, त्यांनी त्याला उलट्या व्हायच्या, कानात आवाज यायचे. त्याच दिवसांत तुम्ही मला एकट्याला बोलावलंत. छाती तपासली, फोटो काढायला लावला, थुंकी तपासायला लावली. आठवड्याने म्हणालात, "तुले काहीच नई शे. लूमची धूळ आहे. जाय, कामले लाग." एवढंच. माझा बाप खंगत चाललेला आणि तुमच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल असा राग, जसा मी धडधाकट आहे हाच माझा गुन्हा. मला तो राग तेव्हा कळला नाही.

बाप गेला. गावाहून लोक आले, गेले. तिसऱ्या आठवड्यात मी तुमच्या दवाखान्यात शिरलो. वीस-पंचवीस माणसं होती. मी ओरडलो की या माणसाने माझ्या बापाला मारलं, चुकीचं औषध दिलं, मरताना एक बाटलीसुद्धा लावली नाही. तुम्ही एका बाईच्या पोराचा कान बघत होता. कान बघून झाल्यावर मान वर केलीत आणि म्हणालात, "तपासायचं असेल तर रांगेत बस. नसेल तर बाहेर हो." मी टेबलावरचा पेपरवेट उचलून तुमच्या मागच्या काचेच्या कपाटावर मारला. काचा तुमच्या खांद्यावर पडल्या. तुम्ही त्या झटकल्या नाहीत, आधी पोराच्या अंगावर पडल्यात का ते बघितलं.

मग मी खोल्याखोल्यांतून सांगत सुटलो. लोकांना कारण हवंच होतं, तुम्ही सगळ्यांचीच कधी ना कधी इज्जत काढलेली होती. वर्षभरात तुमचं बाकडं रिकामं झालं. मी मुद्दाम समोरून जायचो आणि तुम्हाला पेपर वाचताना बघायचो. तुम्ही गेलात हे कळलं तेव्हा मी खमण खात होतो. पुडी संपवली आणि हात पुसले.

त्यानंतर मी कुठं टिकलो नाही. लूम सोडला, मिलमध्ये गेलो, ती सोडली, आता इच्छापोरला ठेकेदाराकडे आहे. गेल्या महिन्यात गोडादऱ्याला कामाने गेलो होतो तर भाजी घेताना तुमच्या त्या बाई भेटल्या. म्हाताऱ्या झाल्यात. मी तोंड चुकवत होतो, त्यांनीच हाक मारली. म्हणाल्या, "भाऊ, साहेबांनी तोंड बांधून ठेवलं होतं. ते गेले, आता माझंही काय राहिलं. तुझा बाप गोळ्या अर्ध्या करायचा. दोन तो खायचा, दोन तुला द्यायचा. एकच खाट, तुलाही टीबी लागला असेल म्हणून. साहेबांनी खोदून विचारलं तेव्हा बोलला. मग तुला तपासलं, आणि तुझे रिपोर्ट आल्यावर इतके चिडले साहेब, मी पडद्यामागे ऐकलं. म्हणाले, धड तू बरा झाला नाहीस आणि त्याला तर काही झालेलंच नाही. तर तुझ्या बापाने टेबलावर डोकं ठेवलं. पोराले सांगू नका, म्हणे."

मग त्यांनी विचारलं, "तुला कळलं नव्हतं, भाऊ? त्या गोळ्यांनी लघवी लाल होते."

मी म्हणालो, नाही.

खोटं बोललो. बाप पाणी आणि गोळ्या हातावर ठेवायचा, म्हणायचा, "ताकदनी गोळी शे. खाई ले." मी खायचो. संडासात लाल दिसायचं. बापाचीही तशीच होते हे मला ठाऊक होतं, तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं की घाबरू नका. मी जोडून बघितलं नाही. खरं तर बघितलं. एकदा दोन गोळ्या तळहातावर धरून बसलो होतो, परत द्याव्यात असं मनात आलं होतं. मलाही खोकला होता, मला मरायचं नव्हतं. मी त्या गिळल्या आणि कामावर गेलो.

तर डॉक्टर, तुम्हाला माहीत होतं. माझ्या ओरडण्यावर तुमच्याकडे एक वाक्य होतं. ते उच्चारलं असतं तर मी तिथंच खाली बसलो असतो आणि तुमचं बाकडं भरलेलं राहिलं असतं. मोठ्या हॉस्पिटलात एक दुपार खोटं बोलावं लागलं म्हणून नोकरी सोडणारा माणूस, आणि माझ्या बापाची लबाडी घेऊन मरेपर्यंत गप्प बसलात. लोक याला चांगुलपणा म्हणतील. मला राग येतो. तुम्ही मला तेव्हा मारायला हवं होतं. भर दवाखान्यात, अक्षरांसाठी शब्दांनी मारलंत तसं. मी मोठा झालो असतो कदाचित. तुम्ही मला वाचवलंत आणि कुणी सांगितलं होतं वाचवायला.

आज सुट्टी आहे. खोलीतले बाकीचे बाजारात गेलेत. परभणीकडचा एक जण आहे, दोन मुलींचा बाप, तो भिंतीकडे तोंड करून झोपलाय. महिना झाला त्याच्या खोकल्याला. परवा त्याने मला विचारलं होतं, "दादा, तू इथला जुना. चांगला डॉक्टर सांग की. थुंकीत लाल दिसलं काल." मी त्याला तुमची गोष्ट सांगितली. तीच, जुनी. एक डॉक्टर होता डिंडोलीला, त्याने चुकीच्या गोळ्या देऊन माझा बाप मारला. बाईंना भेटून आल्यानंतर सांगितली. तोंडातून आपोआप आली, इतकी वर्षं घासून ती चांगली गुळगुळीत झालीय. तो ऐकून घाबरला आणि नाक्यावर जाऊन बाटली लावून आला. म्हणतो, बरं वाटतंय.

हा कागद तुम्हाला मिळणार नाही त्याचं मला काही नाही. तो खरं तर या खाटेवरच्या माणसाला द्यायला पाहिजे. त्याला वाचता येतं, माझ्यापेक्षा भराभर. मघाशी त्याने कूस बदलली, डोळे उघडले, विचारलं, "काय लिहितोस रे एवढं?" मी म्हणालो, घरी पत्र. आणि कागदावर हात ठेवला.