आईचे क्रोशाचे पडदे

बाबा, आई गेली त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी प्रतापनगरच्या घरी आले, तेव्हा तुम्ही स्टुलावर चढून समोरच्या खोलीचे पडदे काढत होता. आईने क्रोशाच्या सुईने विणलेले, मोरांचे. उन्हाळाभर ती धंतोलीच्या दवाखान्यात होती, घराकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, आणि पडदे धुळीने मातकट झाले होते. मी म्हटलं, "बाबा, लाँड्रीत देऊन द्या ना." तुम्ही खाली न पाहताच म्हणालात, "काहून? तिनं कधी दिले होते काय?"

"तिले येत होतं. आपल्याले येते काय?"

"येईन ना वं. तू पाणी तापव."

तारघरात तुम्ही जन्मभर लोकांच्या मरणाच्या तारा पाठवल्या. आई गेली तेव्हाही तुमच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता न्हाणीत बाह्या वर करून तुम्ही रिठ्याच्या कोमट पाण्याशी बसला आहात आणि मला विचारता, "ती चोळत होती का दाबत होती?" मला ठाऊक नाही. आपण दोघांनीही कधी पाहिलेलंच नव्हतं. ती धुवायची आणि पडदे पांढरे व्हायचे, एवढंच. पहिला पडदा नीट निघाला. दुसरा तुम्ही दोन कोपरे धरून उचललात, आणि ओल्या सुताचं वजन त्या जुन्या जाळीला पेललं नाही. एका मोराची मान उसवून लोंबायला लागली. "गेलं वं," एवढंच म्हणालात, आणि तिथेच पाटावर बसून, फेसाच्या हातांनी तोंड झाकून रडायला लागलात. मी तुमच्या पाठीवर हात ठेवला. तुम्ही किती वाळला होता ते मला तेव्हा कळलं.

बऱ्याच वेळाने तुम्हीच म्हणालात, "पाणी थंडं होऊन राहिलं." मग न्हाऊ घातलेलं मूल उचलावं तसे, खालून हात घालून, आपण बाकीचे पडदे उचलले. पिळले नाहीत. खाटेवर तुमचं धोतर अंथरून आडवेच वाळवले. मोराची मान तुम्ही चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन शिवलीत. गाठ इतकी जाड झाली की मोराला गलगंड झाल्यासारखं दिसायचं. आपण हसलोसुद्धा. त्यानंतर दर दिवाळीला ते तुम्हीच धुवायचे. शेवटच्या वर्षी तुमचे हात कापायला लागले, तेव्हा पाण्यात माझे हात होते आणि तुम्ही शेजारी खुर्चीवर. "घासू नको. दाब नुसतं. हं, आता सोड."

तुम्ही गेलात, घर विकलं, ते सूतही विरून गेलं. आईचा आवाज मला आता नीट आठवत नाही. हे पत्र पाठवता आलं असतं तरी मी पाठवलं नसतं. आलेलं प्रत्येक पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवायची तुमची सवय, आणि मला तिच्यापेक्षा तुमची आठवण जास्त येते. ते तिला कळायला नको.