गुलामाची मराठी

४ जानेवारी २००१
बाबांनी आज परत माझ्या ताटाशेजारी कॉम्प्युटर क्लासची जाहिरात ठेवली. "लॅटिन शिकून कुठं लागणार? रोमच्या टपाल खात्यात?" स्वतः टपालातून रिटायर झालेत, त्यामुळे जगात एवढंच खातं! वर म्हणतात, "अख्खं वारजे सॉफ्टवेअरमध्ये चाललंय आणि तू अजून इसवी सनापूर्वी."

१९ जानेवारी
माझे गाइड रंगनाथ सर. त्यांनी मी केलेलं भाषांतर वाचलं. रोमन प्रहसन — चलाख गुलाम मालकाला गंडवतो, मार खातो आणि मारावरही विनोद करतो. गॅदरिंगला बसवायचंय. सरांना सगळं आवडलं, फक्त गुलाम सोडून!
"शर्मिला, नोकर इतकं शुद्ध बोलतो का? त्याला जरा 'हाय-न्हाय' द्या. लोक हसतील."
"सर, मुळात गुलामाचं लॅटिन मालकापेक्षा फर्डं आहे."
"असेल. प्रेक्षक पुण्याचे आहेत."
हे मात्र बिनतोड.

२० जानेवारी
नाही बदललं. उलट गुलामाला नारायण पेठेतली खडखडीत मराठी दिली आणि मालकाला अमेरिकेहून परतलेल्या इंजिनिअरची. 'ॲक्च्युअली'शिवाय त्याचं वाक्यच सुरू होत नाही.

९ फेब्रुवारी
आमचा गुलाम, म्हणजे दिग्विजय, बंगलोरला पळाला. नोकरी लागली! गुलाम सुटला म्हणायचं की विकला गेला? प्रयोग उद्या. सगळं पाठ कुणाला? मलाच. धोतर नेसून बघितलं. वाईट नाही.

१० फेब्रुवारी
झाला प्रयोग! मालकानं चाबूक उगारला. मी म्हटलं, "जरा जपून, मालक! माझी पाठ जुनीच आहे, चाबूक नवा दिसतोय." हॉल हशानं दणाणला. सरसुद्धा टाळ्या पिटत होते — भाषा शुद्ध असूनही!
शेवटच्या रांगेत बाबा. न सांगता आले होते. सगळे हसत होते, हे ढिम्म. सरकारी माणूस. हसायलाही वरून मंजुरी लागत असेल.


११ फेब्रुवारी
सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, "माझा बाप अस्संच बोलायचा. मार पडायला लागला की पाटलाला हसवायचा. पाटील हसला की हात थांबायचा."
आजोबा फार विनोदी होते — घरात आजवर एवढंच सांगत आले.